कर्ण्यापुढचा कुत्रा

श्रोतेहो, आज मी तुम्हांला एका कुत्र्याची गोष्ट सांगणार आहे. तुमच्यापैकी वडीलधाऱ्यांनी त्याला नक्की पाहिलेले आहे. तबकडीच्या मधोमध, गोल कागदावर, पितळी कर्ण्यापुढे मान जरा तिरपी करून तो बसलेला असे. पांढरे अंग, काळे कान आणि सगळे लक्ष त्या कर्ण्याच्या तोंडाकडे.

आमच्या आजोबांच्या माडीवर चावीचा ग्रामोफोन होता. सणासुदीला तो खाली उतरायचा. आजोबा धोतराच्या सोग्याने तबकडी पुसायचे, चावी भरायचे, सुई बदलायचे आणि मग बालगंधर्वांचे पद सुरू व्हायचे. गाण्यातले मला काही कळत नव्हते. मी तो फिरणारा कुत्रा पाहत बसायचो. एकदा मी विचारले, "आजोबा, हा काय ऐकतोय?" आजोबा म्हणाले, "धन्याचा आवाज. धनी गेला, पण आवाज राहिला. हे बिचारं अजून वाट बघतंय." एवढे ऐकून मला रडू आले होते. त्या चित्रातला कुत्रा धन्याच्या शवपेटीवर बसला आहे, असेही कोणी तरी मला पुढे सांगितले आणि ते मी बरीच वर्षे खरे मानले.

पुढे मी इतिहास शिकलो, शिकवू लागलो, आणि एक खोड लागली. कोणतीही गोष्ट फार गोड वाटली की तिचा कागद कुठे आहे, ते बघायचे. ह्या कुत्र्याचाही कागद मी शोधला. त्यातून जे हाती आले, ते आजोबांच्या गोष्टीपेक्षा वेगळे आहे. पण कमी रंजक नाही.

ह्या कुत्र्याचे नाव निपर. जन्म 1884 सालचा, इंग्लंडमधल्या ब्रिस्टल गावचा. येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायांना हळूच चावे घेण्याची त्याला सवय होती, त्यावरून हे नाव पडले म्हणतात. त्याचा मालक मार्क बारो हा नाटकाचे पडदे रंगवणारा चित्रकार होता. 1887 साली मार्क वारला आणि कुत्रा त्याच्या भावाकडे, फ्रान्सिस बारोकडे गेला. फ्रान्सिसही चित्रकारच. 1895 साली निपर मेला. लंडनजवळच्या किंग्स्टन गावी एका तुतीच्या झाडाखाली त्याला पुरले. आज त्या जागी बँकेची इमारत उभी आहे.

आता लक्षात घ्या, त्या प्रसिद्ध चित्राचा जन्म अजून व्हायचा होता. कुत्रा मेल्यावर तीनएक वर्षांनी फ्रान्सिसने आठवणीने ते चित्र काढले. 1899 च्या फेब्रुवारीत त्याने त्याची नोंदणी केली. त्या पहिल्या चित्रात आपल्या ओळखीचा ग्रामोफोन नव्हताच. त्यात होता फोनोग्राफ, म्हणजे मेणाच्या नळकांड्यावर चालणारे यंत्र. फ्रान्सिस हे चित्र फोनोग्राफच्या कंपनीकडे घेऊन गेला. तिथे नकार मिळाला. कुत्री काही फोनोग्राफ ऐकत नाहीत, असे त्याला उत्तर मिळाल्याची आख्यायिका आहे.

चित्रातला काळा कर्णा उठून दिसत नाही, पितळी कर्णा रंगव, असे त्याला कोणी तरी सुचवले. म्हणून तो असा कर्णा उसना मागायला लंडनच्या ग्रामोफोन कंपनीत गेला. तिथले व्यवस्थापक होते विल्यम बॅरी ओवेन. त्यांनी चित्र पाहिले आणि एकच अट घातली: आतले यंत्र बदला, त्या जागी आमचे रंगवा, म्हणजे आम्ही विकत घेऊ. फ्रान्सिसने जुन्या यंत्रावर रंग चढवला आणि नवे यंत्र काढले. चित्राचे 50 पौंड आणि हक्काचे 50 पौंड, असे मिळून 100 पौंडांत व्यवहार पुरा झाला. मूळ चित्र बाजूने उजेडात धरले, तर नव्या यंत्राच्या रंगाखाली जुन्या यंत्राची आकृती अजून दिसते.

इथे एक गंमत आहे, आणि ती विद्यार्थ्यांना सांगण्याजोगी आहे. फोनोग्राफवर माणसाला घरच्या घरी स्वतःचा आवाज भरता येत असे. म्हणजे मेलेल्या धन्याचा आवाज त्या नळकांड्यात असू शकत होता आणि त्याच्या कुत्र्याला तो ऐकूही येऊ शकत होता. तबकडीच्या ग्रामोफोनची गोष्ट वेगळी. घरात त्यावर आवाज भरता येत नसे. कंपनीने भरलेली तबकडी फक्त वाजवता येई. तेव्हा यंत्र बदलले त्याच घटकेला चित्राचे नावही खोटे पडले. ग्रामोफोनच्या कर्ण्यातून धन्याचा आवाज येण्याचा संभवच उरला नाही. येणार तो कंपनीच्या गवयाचा. तरीही जगाने त्या चित्राला 'हिज मास्टर्स व्हॉइस', म्हणजे 'त्याच्या धन्याचा आवाज', ह्याच नावाने ओळखले. आणि शवपेटी? ती चित्रात कधी नव्हतीच. एका गुळगुळीत लाकडी पृष्ठभागावर कुत्रा बसला आहे, एवढेच. पेटी लोकांच्या मनाने तयार केली.

1900 साली अमेरिकेत एमिल बर्लिनर ह्यांनी, म्हणजे ज्यांनी तबकडीचे यंत्र शोधले त्यांनीच, हे चित्र बोधचिन्ह म्हणून नोंदवले. 1909 पासून ते लंडनच्या कंपनीच्या तबकड्यांवर छापले जाऊ लागले. त्याआधी त्यांच्या तबकडीवर पिसाने अक्षरे कोरणारा देवदूत असे. देवदूत हळूहळू मागे पडला आणि कुत्रा राहिला. फ्रान्सिस बारोने पुढे कंपनीसाठी आपल्याच चित्राच्या 24 नकला काढल्या. 1924 साली तो वारला.

कंपनीला कुत्राच का हवासा वाटला? त्या काळाच्या माणसाच्या जागी बसून पाहा. घरात एक लाकडी खोके येते आणि त्यातून माणसाचा आवाज येऊ लागतो. माणूस मात्र कुठेच नाही. भीती वाटणार, शंका येणार. हा आवाज खरा की बनावट? अशा वेळी साक्ष कोणाची काढायची? माणसाची काढली, तर माणूस पैसे घेऊन खोटे बोलतो. कुत्रा खोटे बोलत नाही. कुत्र्याला आवाज ओळखीचा वाटला, म्हणजे तो अस्सल असलाच पाहिजे! ते चित्र म्हणजे कंपनीने उभा केलेला साक्षीदार होता, आणि तोही असा की त्याची उलटतपासणी कोणी घेऊ शकत नाही.

हा साक्षीदार आपल्याकडेही आला. 1902 साली कंपनीचे फ्रेड गायस्बर्ग कलकत्त्याला उतरले आणि गौहरजानचे गाणे त्यांनी तबकडीवर घेतले. 1908 च्या सुमारास कलकत्त्यात सियालदह इथे तबकड्यांचा कारखाना निघाला. पुढे तो डमडमला गेला. तिथे दाबलेल्या तबकड्या आपल्या घाटावर, वऱ्हाडात, कोकणात पोहोचल्या. नाटक मंडळींचा मुक्काम ज्या गावात कधी पडला नाही, त्या गावात बालगंधर्व ऐकू आले. पुष्कळ घरांतून कंपनीचे इंग्रजी नाव कोणाला वाचता येत नसे. आमची आजी म्हणे, "ती कुत्र्याची तबकडी लावा." अक्षरओळख नसलेल्या गिऱ्हाइकाला चित्र वाचता येते, हे व्यापाऱ्याला चांगले ठाऊक असते. 2000 साली त्या कंपनीने 'सारेगामा' असे नाव घेतले, पण जुन्या माणसांच्या बोलण्यातला कुत्रा काही हलला नाही.

मात्र त्याच कुत्र्याने आपल्या भाषणात दुसरे एक कामही पत्करले. कोणी पुढाऱ्याच्या मागे होयबा होऊन फिरू लागला, साहेब बोलतील तेच बोलू लागला, की लोक टोमणा मारत, "तो काय, हिज मास्टर्स व्हॉइस!" म्हणजे एकाच चित्राचे दोन अर्थ झाले. एक इमानाचा आणि दुसरा लाचारीचा. आपल्या भाषेतही हेच दिसते. कुत्र्याइतके इमानी जनावर नाही, असे आपण म्हणतो. आणि माणसाला शिवी द्यायची झाली, तर पहिल्यांदा तोंडात येतो तो कुत्राच. वाईट मरणाला आपण कुत्र्याची मौत म्हणतो. असे का व्हावे?

मला वाटते, ह्याचे उत्तर आपल्या जुन्या गोष्टींत आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात सरमेची कथा येते. सरमा ही इंद्राची कुत्री. पणींनी लपवलेल्या गाई शोधायला ती गेली. पणींनी तिला लालूच दाखवली: तू आमची बहीण हो, गाईंतला वाटा घे, इथेच राहा. सरमेने ते नाकारले. इथे इमानाचा अर्थ पाहा. समोर लाभ आहे आणि तो नको म्हणण्याची ताकदही आहे. लाचाराजवळ ही ताकद नसते. तो मालकाच्या मागे जातो तो तुकड्यासाठी. मोठा तुकडा दिसला की मालक बदलतो.

महाभारतात शेवटी ही गोष्ट उलट्या बाजूने सांगितली आहे. महाप्रस्थानाच्या वाटेवर द्रौपदी पडली, चारही भाऊ पडले. युधिष्ठिराबरोबर एक कुत्रा तेवढा राहिला. इंद्र रथ घेऊन आला आणि म्हणाला, स्वर्गात कुत्र्याला जागा नाही. युधिष्ठिर म्हणाला, जो माझ्या भरवशावर आला, त्याला टाकून मला स्वर्ग नको. कुत्र्याने माणसाशी इमान राखले ही बातमी नव्हे, ते रोजचेच आहे. माणसाने कुत्र्याशी इमान राखले, म्हणून ती कथा झाली. तो कुत्रा म्हणजे साक्षात धर्म होता, हे मागाहून कळते. युधिष्ठिराला ते ठाऊक नव्हते, हेच त्यात महत्त्वाचे.

ही झाली पुराणे. आता दगडावरचा पुरावा सांगतो. राष्ट्रकूट राजे आपल्या ओळखीचे. वेरूळचे कैलास लेणे त्यांच्याच काळचे. त्यांच्यापैकी तिसरा कृष्ण ह्याच्या वेळचा, इसवी सन 949-50 चा एक शिलालेख कर्नाटकात आतकूर गावी मिळाला. त्यात लिहिले आहे की गंग राजा बूतुग आपल्या मणलेर नावाच्या वीराच्या पराक्रमावर खूश झाला आणि काय हवे ते माग म्हणाला. मणलेराने काय मागावे? राजाचा काळी नावाचा शिकारी कुत्रा. हा कुत्रा पुढे एका मोठ्या रानडुकराशी झुंजला आणि दोघेही मेले. त्या कुत्र्यासाठी देवळापुढे दगड उभा केला, जमीन लावून दिली, पूजेची व्यवस्था केली. कुत्रा आणि डुक्कर झुंजताहेत असे चित्र त्या दगडावर कोरलेले आहे. आज तो बंगळूरच्या सरकारी संग्रहालयात आहे. हजार वर्षांहून जुने हे स्मारक. त्याला नाव आहे, साल आहे, गाव आहे.

असा पुरावा प्रत्येक गोष्टीला मिळत नाही. रायगडावर छत्रपती शिवाजी महाराजांच्या समाधीजवळ वाघ्या कुत्र्याचे स्मारक आहे. महाराजांच्या चितेत ह्या कुत्र्याने उडी घेतली, ही कथा महाराष्ट्रातल्या पोराटोरांना पाठ आहे. महाराजांचे निधन 1680 सालचे. हे स्मारक 1936 सालचे, होळकरांच्या देणगीतून झालेले. समकालीन साधनांत ह्या कुत्र्याचा आधार सापडत नाही, असे अभ्यासक म्हणतात. 2012 साली तो पुतळा काढला गेला आणि पुन्हा बसवला गेला. 2025 सालीही त्यावरून मोठा वाद झाला. त्या वादात मी पडत नाही. शिक्षक मित्रांना एवढेच सुचवतो की मुलांना दोन्ही गोष्टी सांगा: लोकांनी कोणती कथा जपली तेही, आणि कागदावर काय आहे तेही. कथा ऐकताना डोळे भरले म्हणून ती इतिहास होत नाही. आणि इतिहास नाही म्हणून लोकांची माया खोटी ठरत नाही. त्या काळाबद्दल नसेल, पण ज्यांनी ती सांगितली त्यांच्याबद्दल ती काही तरी सांगतेच.

इमानाची गोष्ट कोणी कशाला वापरली, हेही बघावे लागते. त्यासाठी जपानातल्या हाचिकोचे उदाहरण घेऊ. हाची हा 1923 साली जन्मलेला अकिता जातीचा कुत्रा. त्याचे धनी उएनो हे तोक्योच्या विद्यापीठात शेतीशास्त्राचे प्राध्यापक. 1925 च्या मे महिन्यात उएनो कामावर असतानाच वारले. दोघांचा सहवास दीड वर्षाचाही नव्हता. पण हाची शिबुया स्टेशनावर येऊन वाट पाहत राहिला, 1935 च्या मार्चमध्ये मरेपर्यंत, जवळजवळ दहा वर्षे. सुरुवातीला स्टेशनावरची माणसे त्याला हुसकत, मारतही. 1932 साली वर्तमानपत्रात त्याच्यावर लेख आला आणि वारे फिरले. 1934 साली त्याचा पुतळा उभा राहिला. अनावरणाला हाची स्वतः हजर होता! शाळेच्या नीतिपाठांच्या पुस्तकात त्याचा धडा आला: उपकार विसरू नका.

ते दिवस लक्षात घ्या. जपानात तेव्हा लष्कराचा जोर वाढत होता. मुलांनी सम्राटावर अशीच, प्रश्न न विचारता, निष्ठा ठेवावी, अशी शिकवण शाळेशाळेतून दिली जात होती. हाचीचा धडा त्या शिकवणीत चपखल बसला. आणि पुढे? महायुद्धाच्या अखेरच्या काळात धातू कमी पडला, तेव्हा त्याच इमानी कुत्र्याचा पुतळा उतरवून वितळवला. ज्यांनी निष्ठेचे गोडवे गायले, त्यांनी निष्ठावंताचा पुतळासुद्धा ठेवला नाही. 1948 साली पहिल्या शिल्पकाराच्या मुलाने नवा पुतळा घडवला. तो आज तिथे आहे. बिचाऱ्या हाचीला ह्यातले काही ठाऊक नव्हते. तो फक्त वाट पाहत होता.

आपल्याकडचे अलीकडचे उदाहरण तुमच्या मुलांनाही आठवेल. 2003 साली हच ह्या मोबाइल कंपनीची जाहिरात दूरदर्शनच्या पडद्यावर झळकली. एक मुलगा जाईल तिथे त्याच्यामागे चपट्या नाकाचा एक छोटा पग कुत्रा चालला आहे. मुलगा जिथे, तिथे कुत्रा. तसे तुम्ही जिथे, तिथे आमचे जाळे. निपरनंतर शंभर वर्षांनी पुन्हा तीच युक्ती. न दिसणाऱ्या आवाजावर विश्वास बसावा म्हणून साक्षीदार कोण? कुत्रा. 2007 साली व्होडाफोनने ती कंपनी घेतली. पण मधल्या काळात शहराशहरांतून लोक पग विकत घेत सुटले. चपट्या नाकामुळे ह्या जातीला श्वास घेणे जड जाते आणि आपल्या उन्हाळ्यात तर फारच. हौस फिटल्यावर ज्यांना घराबाहेर काढले गेले, असे पगही मग रस्त्यावर दिसू लागले. जाहिरातीत कुत्रा माणसामागे जात होता. प्रत्यक्षात माणसानेच कुत्र्याची साथ सोडली.

इथे मला माझी स्वतःची एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. आमच्याकडे मोत्या नावाचा गावठी कुत्रा होता. मी नऊ वर्षांचा असताना वडिलांची बदली झाली आणि आम्ही गाव सोडून तालुक्याला आलो. भाड्याच्या दोन खोल्या, घरमालकाला कुत्रा चालत नव्हता. मोत्याला शेजारच्या काकूंच्या स्वाधीन केले. सहा महिन्यांनी काकू भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "अरे, संध्याकाळची एसटी यायच्या वेळेला तो फाट्यावर जाऊन बसायचा रे. गाडी गेली की परत यायचा." मी विचारले, "आता?" काकूंनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि त्या आईशी बोलू लागल्या.

आमच्या मोत्याचा पुतळा झाला नाही, धडा झाला नाही, तबकडीवर चित्रही आले नाही. त्याने इमान राखले. आम्ही राखले नाही. वडिलांना दोष देत नाही, त्यांचीही अडचण होती. पण युधिष्ठिराची कथा वर्गात सांगताना माझा आवाज जो अडखळतो, तो ह्या कारणाने. विद्यार्थ्यांना वाटते, सरांना कथा फार आवडते.

तर श्रोतेहो, कुत्र्याची निष्ठा जिथे जिथे आपल्यापुढे मांडली जाते, तिथे तीन प्रश्न विचारावेत असे मला वाटते. पहिला, हे खरेच घडले का, आणि त्याचा कागद कुठे आहे? दुसरा, ही गोष्ट आज मला कोण सांगतो आहे, आणि त्याला माझ्याकडून काय हवे आहे. पैसे, मत, की मुकाट मान? आणि तिसरा, ज्याचे इमान मी घेतो, त्याचे मी काय देणे लागतो? हा तिसरा प्रश्न केवळ कुत्र्यापुरता नाही. वर्षानुवर्षे एकाच वाड्यात राबणारा गडी, एकाच शाळेत हाडे झिजवणारा शिपाई, शेतात मान मोडणारा बैल, ह्या सगळ्यांपाशी तो येऊन थांबतो. त्यांना आपण 'इमानी' म्हणतो आणि मोकळे होतो. नुसत्या शब्दाने देणे फिटत नाही.

आजोबांचा ग्रामोफोन आता माझ्याकडे आहे. स्प्रिंग तुटली आहे, चावी भरत नाही. एक तबकडी मात्र धड राहिली आहे. परवा माझ्या मुलीने ती उचलून विचारले, "बाबा, हा कुत्रा काय ऐकतोय?" आजोबांची गोष्ट ओठांवर आली होती. मग मी तिला निपरची सगळी हकीकत सांगितली, रंगाखालच्या जुन्या यंत्रासकट. तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "पण त्याला मेल्यावर नीट पुरलं होतं ना?"

मी म्हणालो, "हो. तुतीच्या झाडाखाली."